गार्ड म्हणजे काय?

(कोरेगाव भीमा येथे प्रौढांच्या रात्रवर्गापुढे एका निवृत्त फिटरने केलेले भाषण)



मी मास्तर नाही, मी फिटर. पुणे-नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ३० वर्षे पाना आणि पकड चालवली. आता घरची शेती बघतो. भाषण करणे हा माझा धंदा नव्हे. पण गुरुजींनी निरोप धाडला, आणि निरोपाबरोबर जो प्रश्न आला तो ऐकून मला राहवले नाही.

प्रश्न असा. या वर्गातल्या एका बाईंच्या घरी कडबाकुट्टीचे नवे यंत्र आले. यंत्रावर एक पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. बाईंनी ती एकेक अक्षर लावून वाचली. पट्टीवर लिहिले होते, 'गार्ड काढून यंत्र चालवू नये.' वाचून झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारले, "गुरुजी, यंत्र कळलं. चालवू नये हेबी कळलं. पन ह्यो गार्ड कोन? माझा पोरगा कंपनीच्या गेटावर गार्ड हाय. त्याला कशाला काढायचा?"

हसू नका. प्रश्न अगदी बरोबर आहे. बाईंनी ड वरचा रफारसुद्धा बरोबर वाचला. अक्षर लागले, पण अर्थ लागला नाही. कारण अक्षरे आपली आणि शब्द इंग्रजी. अशी पाटी वाचली काय आणि न वाचली काय, सारखेच. म्हणून आज हा एकच शब्द घेऊ.

गार्ड म्हणजे राखणारा. आपल्याकडे याला शब्द कमी नाहीत. राखण आहे, पहारा आहे, कुंपण आहे, कठडा आहे. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणारा पोरगा असतो ना, तो पिकाचा गार्ड. विहिरीचा कठडा म्हणजे विहिरीचे गार्ड. नाही, इथे मी चुकलो. कठडा विहिरीला बांधलेला असतो, पण तो विहिरीला राखत नाही. विहिरीला काय होणार आहे? तो आपल्या पोरांना आणि गुरांना राखतो. हे एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बोलण्यात या शब्दाची दोन रूपे आहेत. माणूस असेल तर आपण 'तो गार्ड' म्हणतो. पत्रा, जाळी, झाकण असेल तर 'ते गार्ड' म्हणतो. गार्ड ठेवला म्हटले की माणूस ठेवला. गार्ड बसवले म्हटले की पत्रा बसवला. बाईंच्या यंत्रावरचे गार्ड हे दुसरे.

आधी माणसांचे बघू. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या भागात इतके कारखाने आहेत की प्रत्येक गावातली चार-दोन पोरे तरी कुठल्या ना कुठल्या गेटावर उभी असतात. त्यांना कोणी गार्ड म्हणते, कोणी सिक्युरिटी म्हणते. तो राखतो कोणाला? कारखान्याच्या मालाला आणि आतल्या माणसांना. त्याची स्वतःची राखण व्हावी, म्हणजे नोकरी, पगार, सुट्टी नीट मिळावी म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी वेगळा कायदा केला. ज्यांची पोरे या कामात आहेत त्यांनी त्या कायद्याची चौकशी जरूर करावी. आज तो विषय नाही.

खाकीतला होमगार्ड आपण दर वर्षी १ जानेवारीला बघतो. पलीकडे पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभाला लाखो माणूस येते, तेव्हा पोलिसांच्या जोडीला तो रस्त्यावर उभा असतो. हे दल १९४६ साली मुंबईत सुरू झाले. मराठीत त्याला गृहरक्षक दल म्हणतात. गृह म्हणजे घर, रक्षक म्हणजे राखणारा. शब्दाला शब्द बसवला आहे.

आणि रेल्वेचा गार्ड. आपल्या गावाला रेल्वे नाही, पण दौंडला गेलेल्या माणसाने तो पाहिलाच असेल. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहून हिरवा बावटा दाखवायचा तो. मला लहानपणी वाटे की याला काम काहीच नाही, फुकट प्रवास करतो. पुढे एकाने सांगितले तेव्हा कळले. इंजिनवाला पुढे बघतो आणि गार्ड मागे बघतो. गाडी मधेच, रानात, बंद पडली तर मागून दुसरी गाडी येऊन धडकू नये म्हणून हा उतरून मागे चालत जातो, रुळावर फटाके लावतो आणि लाल बावटा धरतो. मागच्या गाडीचे चाक फटाक्यावर आले की आवाज होतो आणि ती थांबते. २०२२ च्या जानेवारीपासून रेल्वेने त्याचे नाव बदलले. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव मोठे झाले, काम तेच आहे. पण मला विचाराल तर जुने नाव बरे होते. त्यात काम दिसत होते.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्या ग्रामपंचायतीला वॉर्ड असतात. दवाखान्यातही वॉर्ड असतो. हा वॉर्ड आणि आपला गार्ड हे दोघे भाऊ आहेत. फार जुन्या काळी युरोपात राखण्याला एकच शब्द होता. इंग्रज लोक तो 'व' ने म्हणत, फ्रेंच लोक 'ग' ने म्हणत. आपल्यात नाही का, कोणी विस्तू म्हणतो, कोणी इस्तू? तसेच. पुढे १०६६ साली फ्रेंच बोलणारे लोक इंग्लंडवर राज्य करायला गेले आणि मग हळूहळू 'ग' चा शब्दही इंग्रजीत शिरला. तेव्हापासून दोन्ही तिथे नांदत आहेत. दुकानदार गॅरंटी आणि वॉरंटी म्हणतो ना, ती जोडी अशीच. वॉर्ड म्हणजे राखायला वाटून दिलेला भाग. निवडून आलेल्या मेंबराला हे एकदा सांगायला हरकत नाही.

आता पत्र्याच्या गार्डाकडे येऊ.

सगळ्यांच्या ओळखीचे म्हणजे सायकलचे मडगार्ड. मड म्हणजे चिखल. चाकाने उडवलेला चिखल ते अडवते. पण काळ्या रानातून पावसात सायकल घातली की माती चाक आणि मडगार्ड यांच्यात दाबून बसते आणि सायकल जागची हलत नाही. म्हणून आपले लोक मडगार्ड काढून टाकतात. मीही टाकले होते. तिथे फार बिघडत नाही. पाठीवर चिखलाची नक्षी उठते, घरी बोलणी बसतात, एवढेच. पण यातून आपल्याला एक खोड लागली. गार्ड म्हणजे अडचण, काढले की काम सुटसुटीत होते, असे मनात बसले. सगळी गार्डे मडगार्डासारखी नसतात.

मोटारसायकल घ्या. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला तारांची किंवा पत्र्याची जाळी असते. तिला साडी गार्ड म्हणतात. आपल्या बाया एका अंगाला पाय सोडून बसतात, पदर किंवा ओढणी वाऱ्याने मागे जाते आणि चाकात सापडते. चाक पदर गुंडाळते, बाई मागे ओढली जाते आणि डोक्यावर आपटते. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होते ते मी बोलून दाखवत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवले आहे की दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असे काहीतरी पाहिजेच, म्हणजे मागे बसणाराचे कपडे त्यात अडकणार नाहीत. शिवाय मागच्या माणसाला धरायला मूठ आणि पाय टेकायला जागा पाहिजे. हा नियम ज्याने लिहिला त्याने कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई रस्त्यावर पडलेली पाहिली असणार.

आणि आपली पोरे काय करतात? नवी गाडी आणली की आठ दिवसांत साडी गार्ड काढतात. का? तर गाडी भारदस्त दिसत नाही. मग त्याच गाडीवर आईला बसवून तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला नेतात. मी आमच्या पुतण्याला विचारले, "अरे, जाळी कुठं आहे?" तो म्हणाला, "काका, ती बायकांच्या गाडीला असते." मी म्हटले, "मागं कोण बसतं?" गप्प राहिला. जाळी माळ्यावर सापडली. मीच बसवून दिली.

सगळीच गार्डे चांगली असतात असेही नाही. जीपच्या आणि मोटारीच्या पुढे जाड लोखंडी नळ्यांचे गार्ड लावायची मोठी हौस होती. बुल गार्ड म्हणत. ते राखत होते कोणाला? मोटारीच्या तोंडाला ओरखडा येऊ नये म्हणून ते. समोर माणूस आला तर लोखंड थेट त्याच्या हाडाला लागणार. शिवाय नव्या मोटारींत धडक बसली की आतल्या माणसापुढे हवेची पिशवी फुगते, तिच्याही आड हे लोखंड येते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले की अशी गार्डे बेकायदा आहेत, लावणारावर कारवाई करा. तेव्हा नावात गार्ड आहे म्हणून भुलू नका. ते कोणाला राखते, हे विचारा.

हाच प्रश्न कुट्टीच्या यंत्राला विचारू.

कुट्टीचे यंत्र आता घरोघर झाले आहे. मोटार असते, पट्टा असतो, मोठे चाक असते, चाकावर पाती असतात. तोंडाशी दोन दातेरी रूळ असतात. ते कडबा आत ओढतात आणि पाती तो तोडतात. पाती आणि चाक यांच्यावर पत्र्याचे टोपण असते, आणि पट्ट्यावरही झाकण असते. हीच ती गार्डे. पुष्कळ लोकांना वाटते की हे टोपण यंत्राला धूळ लागू नये म्हणून आहे. म्हणून ते काढताना कोणाला काही वाटत नाही. आपल्याच यंत्राला धूळ लागेल, लागू दे. पण धुळीने यंत्राचे काही अडत नाही. तो पत्रा यंत्रासाठी नाहीच. विहिरीचा कठडा आठवा.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे. माझी वहिनी या वर्गात येते. ती आज इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगतो. ती म्हणाली, "सांगा भावजी. पन माझं नाव घेऊ नका, आन् तुमचं मातुर सांगा."

२०१६ सालचा मार्च महिना होता. मी तेव्हा नोकरीत होतो. कारखान्यात माझा दरारा होता. गार्डाशिवाय यंत्र चालू दिसले की मी मेन स्विच पाडायचो, मग समोर कोणीही असो. त्या दिवशी पहिली पाळी करून घरी आलो. उसाचे हिरवे वाढे आणले होते, ते कुट्टीत घातले. ओले वाढे, पात्यांच्या मागे गोळा होऊन अडकले. तेवढ्यात लाईट गेली. मी म्हटले बरेच झाले. १३ नंबरचा पाना घेतला, चार बोल्ट काढले, टोपण उतरवून बाजूला ठेवले आणि अडकलेले काढू लागलो. एक नट हातातून निसटला आणि चाऱ्यात गेला. शोधला, सापडला नाही.

तीन बोल्टांवर टोपण बसवता आले असते. घट्ट बसले असते. पण मी फिटर ना! बसवीन तर चारही बोल्टांनी बसवीन. नटांचा डबा आणायला घरात गेलो. घरात चहा झाला होता. चहा घेतला. कोणाचा तरी फोन आला, बोलत बसलो. टोपण खाली, आणि भिंतीवरचे बटन चालूच. लाईट गेलेली असली की बटन चालू आहे का बंद हे कोण बघतो?

वहिनी म्हशीला कुट्टी न्यायला पाटी घेऊन आली. पात्याच्या मागे थोडे वाढे राहिले होते. वाया कशाला जाऊ द्यायचे म्हणून तिने हात घातला. आणि लाईट आली.

चाक एक वेढा फिरले असेल, फार तर दोन. उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्याजवळचे आणि मधले. ती ओरडली नाही. खाली बसली. मी बाहेर आलो तो ती लुगड्याने हात दाबून बसली होती आणि म्हणत होती, "आधी बटन बंद करा, पोरं हायती."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बोटं आणली का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बोटे आणायची असतात हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते. भावाने ती बांधाकडेला पुरून टाकायला सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणि नीट आणली तर काही वेळा जोडता येतात. म्हणून हे आज ऐकून ठेवा. जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेले बोट स्वच्छ, ओल्या, पिळलेल्या फडक्यात गुंडाळायचे. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधायचे. ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट उघडे बर्फात टाकायचे नाही, पाण्यातही बुडवायचे नाही. त्याला हळद लावायची नाही. आणि १०८ ला फोन करून ताबडतोब निघायचे. जितका उशीर तितकी आशा कमी.

माझ्या भावाने मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. नट दोन दिवसांनी गव्हाणीत सापडला. कुट्टीबरोबर गेला होता, म्हशीने तेवढा बाजूला सारला होता.

दिल्लीला आय. आय. टी. नावाची मोठी शिक्षणसंस्था आहे. तिथले दिनेश मोहन आणि त्यांचे सोबती यांनी चारा तोडायच्या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९९२ साली तो छापला. त्यांनी सांगितलेले उपाय अगदी गावच्या लोहाराला जमतील असे आहेत. पात्यांवर गार्ड बसवा. तोंडाशी एक आडवा रूळ असा लावा की हात फार आत गेला तर आधी त्याला लागेल आणि माणूस सावध होईल. आणि यंत्र बंद असताना चाकाला खीळ घाला, म्हणजे पोरे खेळता खेळता ते फिरवणार नाहीत. हाताने फिरवायच्या यंत्रावर लेकरांची बोटे अशीच जातात, मोठी माणसे जवळ नसताना. मी हे सगळे वाचले ते वहिनीचा हात गेल्यावर. आधी वाचले असते तर? सांगता येत नाही. कारखान्यातले नियम तर मला तोंडपाठ होते.

१९८३ साली संसदेने धोक्याच्या यंत्रांसाठी कायदा केला, तोही मुख्यतः शेतीतल्या मळणीयंत्राचे हात तोडणे थांबावे म्हणून. कारखान्यांचा कायदा त्याआधीचा, १९४८ चा. फिरते चाक, पट्टा, दाते मजबूत झाकलेच पाहिजेत असे त्यात लिहिले होते. चालत्या यंत्राजवळ जाणाराचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत, हेही होते. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. कायदा बदलला तरी चाक फिरायचे तसेच फिरते.

कारखान्यात जाणारी पोरे इथे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. पत्रा दाबून भाग काढणारे पॉवर प्रेस तुम्हाला माहीत आहे. चांगल्या प्रेसला दोन बटने असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटनांवर, म्हणजे खाली एकही नाही. हेही गार्डच, पत्रा नसलेले. मग माणसे काय करतात? एका बटनावर चिकटपट्टी लावतात किंवा चिपाट खुपसतात आणि एका हाताने काम उरकतात. तासाला भाग जास्त निघतात. कधी हे पोरगा आपण होऊन करतो, कधी वरचा माणूस डोळ्याने खुणावतो. सेफ इन इंडिया नावाची संस्था मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर २०१९ पासून अहवाल काढते. बोटे गेलेल्या कामगारांत पॉवर प्रेसवरचे फार, असे त्यांना दिसले आहे. वरच्याने सांगितले तरी चिपाट काढून टाका. भाग कमी निघाले तर बोलणी खावी लागतील. खा.

बोटाचा भाव किती, हे कायद्याने लिहून ठेवले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडले होते. कमावण्याची ताकद किती गेली ते त्यात टक्क्यांनी दिले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याजवळचे बोट १४. मधले १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २०. मी हे कोष्टक पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या हाताकडे बघत बसलो होतो. अंगठ्याला किती मान दिला आहे पाहा. आपण इथे अंगठा उठवणे सोडून सही शिकलो, चांगले झाले. पण पाना धरायला, विळा धरायला, भाकरी थापायला अंगठा लागतो. आणि रेशनच्या दुकानातले यंत्र अजून बोटच मागते. वहिनी तिथे करंगळी लावते.

पण हे कोष्टक कारखान्यातल्या कामगारासाठी. गोठ्यातल्या बाईला ते लागू नाही. शेतकऱ्याच्या घरासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघाताची योजना आहे. माणूस गेला तर २ लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे, आणि लवकर करायचा असतो. त्यात हात आहे, पाय आहे, डोळा आहे. बोटांचा हिशेब नाही. आम्हाला काही मिळाले नाही, आणि मी मागायलाही गेलो नाही. कोणत्या तोंडाने मागू?

आणखी एक यंत्र राहिले. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर किंवा दुसरे अवजार जोडतात, त्याला फिरता दांडा असतो. त्याला पी. टी. ओ. शाफ्ट म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत चार-पाच वेढे होतात. धोतराचा सोगा, पदर, उपरण्याचे टोक त्याला लागले की माणूस गुंडाळला जातो. त्या दांड्यावर प्लास्टिकची नळी असते, तेच त्याचे गार्ड. ती फुटली की लोक काढून फेकतात आणि दुसरी घेत नाहीत. ट्रॅक्टरला नवे टायर घेतात, हार घालतात, गाणी लावतात. नळी घेत नाहीत. ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय त्या दांड्यावरून ओलांडून कोणी जाऊ नये, आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला तरी नळी आहे का ते पाहिल्याशिवाय आपल्या रानात घालू देऊ नये.

आता बाईंच्या यंत्राविषयी सांगतो, म्हणजे माझे बोलणे संपले. बाई, तुमच्या पट्टीवर जो गार्ड लिहिला आहे तो म्हणजे ते हिरवे टोपण, चार बोल्टांचे. वाढे अडकले तर आधी बटन बंद करायचे. नुसते बंद नाही, पिन भिंतीतून उपटून आपल्या हातात किंवा कनवटीला घ्यायची. लाईट गेलेली असली तरी. मग चाक थांबले का ते डोळ्याने बघायचे, कारण बटन बंद केल्यावरही ते काही वेळ फिरत राहते. काही यंत्रांना उलटा फिरवायचा दांडा असतो, तोंडाशी अडकले असेल तर आधी तो टाकून बघायचा. तरीही टोपण काढावेच लागले, तर ते बसवून होईपर्यंत काढणाराने तिथून हलायचे नाही. चहा तिथे मागवायचा.

उद्या रविवार आहे. मी सकाळी ७ वाजता निघतो. ज्यांच्या यंत्राचे टोपण माळ्यावर, गोठ्यात किंवा कोंबड्या झाकायला गेले असेल, त्यांनी जाताना या फळ्यावर आपले नाव आणि आळी लिहून जावे. स्वतःच्या हाताने लिहा, गुरुजींना लिहायला सांगू नका. पाना मी आणतो. नट-बोल्टही मीच आणतो, आणि प्रत्येक घराला एक नट जास्त देतो. एक हरवतोच.